भिंती जपण्यासाठी निघालेली शाळा

शाळा का निघतात, या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ आहेत. धर्मप्रसारासाठी शाळा निघाल्या, सरकारला कारकून हवेत म्हणून निघाल्या, देशभक्तीच्या भरात निघाल्या, आणि सरळ धंदा म्हणूनही निघाल्या. परंतु चाळीच्या भिंतींचा चुना खराब होऊ नये एवढ्यासाठी निघालेली शाळा मला तरी एकच ठाऊक आहे. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, व्हिया देई मार्सी या रस्त्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत, ६ जानेवारी १९०७ रोजी ती सुरू झाली. तिची सूत्रे ज्या छत्तीस वर्षांच्या बाईंच्या हाती आली त्या डॉ. मारिया माँटेसरी.

माँटेसरी हे नाव आपल्याकडे गल्लोगल्ली पाट्यांवर रंगविलेले दिसते. पाटीच्या आत बाईंची पद्धत कितपत असते हा प्रश्न निराळा. ज्यांना त्यांची थोडी अधिक माहिती आहे त्यांना मनोऱ्याचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे, मण्यांच्या माळा ही साधने आठवतात. मला मात्र त्यांच्या चरित्रात साधनांपेक्षा खोलीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. टेबल किती वजनाचे असावे, कपाटाचे कुलूप किती उंचीवर असावे, जमिनीचा किती भाग मोकळा राहावा, या गोष्टींचा विचार शिक्षणाचा विचार म्हणून करणारी माणसे त्यांच्या आधी फारशी झाली नाहीत.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी आंकोना बंदराजवळच्या कियाराव्हाले या लहानशा गावी झाला. त्याच वर्षी रोम शहर नव्या इटलीच्या राज्यात सामील झाले. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, मुलीच्या बाजूने उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. तेथे १८८३ साली, तेराव्या वर्षी, तिने मुलींनी सहसा न जावे अशा तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनिअर व्हायचे होते. पुढे हा बेत बदलला. परंतु गणित आणि रेखांकन यांत घालविलेली ती वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. पुढच्या आयुष्यात मुलांच्या खुर्चीची उंची ठरविताना त्यांच्या हाताला मोजपट्टीची जी सवय दिसते ती बहुधा या शाळेतून आलेली असावी.

१८९० साली त्या विद्यापीठात गेल्या, आधी निसर्गविज्ञान आणि मग वैद्यक. शवविच्छेदनाच्या वर्गात पुरुषांबरोबर एका मुलीने उभे राहणे अशोभनीय मानले जाई, म्हणून इतर विद्यार्थी गेल्यावर त्यांना एकटीने प्रेतांजवळ काम करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत इटलीच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी कामकरी स्त्रियांच्या वेतनाविषयी भाषण केले.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असताना त्यांना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांतून हिंडावे लागे. तेथे मतिमंद मुलांनाही मोठ्या रुग्णांबरोबर कोंडून ठेवलेले असे. त्यांच्या चरित्रकारांनी येथली एक हकीकत नोंदविली आहे. एका खोलीतील मुले जेवण झाले की जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचीत आणि त्यांच्याशी चाळा करीत बसत. देखरेख करणाऱ्या बाईला तो हावरेपणा वाटे. माँटेसरींनी खोलीकडे पाहिले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की त्या चार भिंतींच्या आत हातात घेण्याजोगी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुले पावाचे तुकडे खाण्यासाठी वेचीत नव्हती. त्यांना बोटांना काही तरी काम हवे होते. दोष मुलांचा नसून खोलीचा असू शकतो, हा विचार येथे प्रथम उगवला असे मानायला हरकत नाही. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ त्यांनी याच काळात अभ्यासले, आणि १९०० साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी निघालेल्या संस्थेच्या त्या सहसंचालक झाल्या.

दुसरे सहसंचालक डॉ. जुझेप्पे मोंतेसानो. या दोघांना ३१ मार्च १८९८ रोजी एक मुलगा झाला होता. लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या रोममध्ये ही गोष्ट उघड झाली असती तर बाईंचे डॉक्टर म्हणून आयुष्य तेथेच संपले असते. मुलगा मारिओ खेडेगावात एका कुटुंबाकडे वाढविण्यास दिला गेला; आई अधूनमधून भेटायला जाई, पण आई म्हणून नव्हे. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केले आणि १९०१ साली माँटेसरींनी ती संस्था सोडली. ज्या बाईंनी जगभरच्या मुलांसाठी घर या नावाची शाळा बांधली, त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्यांच्या घरात जागा नव्हती. या गोष्टीवर बाईंना नावे ठेवणारे मी पाहिले आहेत. मला त्यात बाईंपेक्षा त्या समाजाचा हिशेब अधिक दिसतो.

आता सान लोरेन्झोकडे वळू. रोम राजधानी झाल्यावर तेथे इमारती बांधण्याचे एक वेड पसरले. १८८४ ते १८८८ या चार-पाच वर्षांत सट्टेबाजांनी जागा घेऊन भराभर मजले चढविले, आणि मग बाजार बसला. अर्धवट बांधलेल्या, दारे-खिडक्या नसलेल्या इमारती तशाच उभ्या राहिल्या. त्यांत गरिबांनी आसरा घेतला. मोठमोठ्या खोल्यांचे पोटभाडेकरूंना तुकडे करून देण्यात येत, आणि एका खोलीत किती माणसे राहत याला सुमार नव्हता. रोमच्या एका गृहनिर्माण संस्थेने अशा इमारती ताब्यात घेऊन दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. एदुआर्दो तालामो हे तिचे संचालक. त्यांनी इमारतींचे मधले भाग पाडून चौक मोठे केले, उजेड-वारा आत आणला, अवाढव्य जागांऐवजी एक-दोन-तीन खोल्यांची बिऱ्हाडे पाडली, चौकात झाडे लावली, आणि घर उत्तम ठेवणाऱ्या भाडेकरूला बक्षीस ठेवले. आपल्याकडच्या चाळ सुधारणाऱ्यांनी अभ्यासावा असा तो प्रयोग होता.

परंतु एक अडचण राहिली. आईबाप दोघेही दिवसभर कामावर. मोठी मुले शाळेत. शाळेच्या वयाची न झालेली पोरे जिन्यांतून आणि बोळांतून मोकाट फिरत, नव्या भिंतींवर रेघोट्या ओढीत, गिलावा उकरीत. दर वर्षी रंगसफेदीचा खर्च येई. तालामोंनी असा हिशेब केला, की इमारतीतलीच एखादी खोली या पोरांसाठी राखून त्यांच्यावर कोणी नजर ठेवली, तर त्याचा खर्च वाचलेल्या दुरुस्तीतूनच भागेल. शाळेचे अंदाजपत्रक चुन्याच्या बचतीतून निघाले!

तीन ते सहा वर्षांची पन्नास-साठ मुले. बहुतेक घाबरलेली आणि रडणारी. मुलांना सांभाळण्यास वस्तीतलीच एक तरुणी ठेवली होती, तिला शिक्षिकेचे शिक्षण नव्हते. माँटेसरींना ते पथ्यावर पडले, कारण तिला विसरायला लावावे असे काही तिच्या डोक्यात नव्हते. शाळेचे नियम भिंतीवर लावले गेले. फी नाही, पण मूल स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत आले पाहिजे, आईने आठवड्यातून एकदा तरी येऊन बाईंशी बोलले पाहिजे. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहायचे होते. आईला जाता-येता कधीही आत डोकावता येत असे. शाळा घराच्या आत आली होती. संस्थेच्या भाडेकरूंना ती स्वतःची वाटे, याचे कारण त्यांच्या शिस्तीच्या बचतीवरच ती चालली होती.

या खोलीत आरंभी एखाद्या कचेरीत असावे तसे सामान होते. पुढे एकेक वस्तू बदलत गेली, आणि त्या प्रत्येक बदलामागे काही तरी पाहिलेले होते. साधने ठेवण्याचे कपाट उंच आणि कुलपाचे होते. एके दिवशी बाई कुलूप लावायला विसरल्या आणि उशिरा आल्या, तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीची वस्तू काढून काम सुरू केलेले. शिक्षिकेला ही चोरी वाटली, शिक्षा करावी असे तिचे म्हणणे. माँटेसरींनी निराळा अर्थ लावला. मुलांना निवड करता येते, आणि घेतलेली वस्तू कोठे ठेवायची हेही त्यांना ठाऊक आहे. त्यानंतर उंच कपाटाऐवजी मुलांच्या हाताशी येतील अशा बुटक्या फळ्या आल्या. एका विसराळूपणातून शाळेच्या सामानाचा इतिहास बदलला.

त्या काळी युरोपात शाळेच्या बाकांचे एक शास्त्रच झाले होते. मुलांच्या पाठीला बाक येतो ही तक्रार होती. म्हणून पायाची लांबी, मांडीची लांबी मोजून बाक आणि डेस्क यांचे अंतर ठरवीत, आणि मूल त्यात असे बसवीत की त्याला हलता येऊ नये. मूल उभे राहायचे तर बाकाबाहेर यावे लागे. माँटेसरी डॉक्टर होत्या. त्यांनी या शास्त्राची चांगलीच खरड काढली. पाठ वाकते ती तासन् तास बसून राहण्याने, आणि त्यावर उपाय बसणे कमी करणे हा आहे. जास्त घट्ट बसविणे हा उपाय नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. मापे त्यांनीही घेतली. मुलांची उंची व वजन नियमाने नोंदण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार करवून घेतले होते. फरक एवढाच की त्या मापांचा उपयोग त्यांनी मुलाला बसता उठता यावे यासाठी केला.

त्यांनी करून घेतलेली टेबले चार वर्षांची दोन मुले उचलून नेऊ शकतील इतकी हलकी होती. खुर्च्याही लहान, हलक्या. तोंड धुण्याचे मेज इतके ठेंगणे की तीन वर्षांच्या मुलाने स्वतः साबण, ब्रश आणि पंचा घ्यावा. लांब बुटकी कपाटे, त्यांना अनेक लहान दारे, प्रत्येक दाराची किल्ली निराळी आणि कुलूप मुलाच्या हाताला पोचेल असे. खालच्या उंचीवर लावलेले लहान फळे. भिंतीवर चित्रे, त्यांत राफाएलचे मुलाला कुशीत घेतलेल्या मातेचे चित्र. खोलीच्या दारातून सरळ बागेत जाता येई, आणि जाण्यास परवानगी मागावी लागत नसे.

येथे एक हुशारीची गोष्ट आहे. हलकी खुर्ची धक्का लागताच पडते आणि आवाज होतो. नेहमीचा शिक्षक म्हणेल की म्हणून खुर्ची जमिनीला ठोकावी. बाईंचे मत उलट होते. पडलेली खुर्ची मुलाला त्याच्या धसमुसळेपणाची खबर देते. कोणी रागावण्याची गरज उरत नाही. याच न्यायाने त्यांनी जेवणासाठी फुटणाऱ्या चिनी मातीच्या बशा दिल्या. खोलीतली वस्तू स्वतःच शिक्षकाचे काम करू लागली, आणि शिक्षिका बाजूला होऊन पाहत बसायला मोकळी झाली.

मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो तिची इमारत जांभ्या दगडाची, वर मंगलोरी कौले, पुढे लांब पडवी. भक्कम इमारत, पावसाळ्यात एक थेंब आत येत नसे. परंतु खिडक्यांचा उंबरठा आमच्या डोक्याच्या वर होता. बाहेर पाहून मुलांचे लक्ष उडू नये असा तो बेत असावा. शेजारची कन्नड शाळा त्याच नकाशावर बांधलेली होती. भाषा दोन, शिक्षक दोन, पण खिडकी तेवढ्याच उंचीवर! माँटेसरींचे वाचल्यावर मला प्रथम त्या खिडक्या आठवल्या.

१९०७ च्या एप्रिलात सान लोरेन्झोतच दुसरे बालगृह निघाले, १९०८ साली मिलान शहरात कामगारांच्या वसाहतीत. १९०९ साली चित्ता दि कास्तेल्लो येथे शिक्षकांचा पहिला वर्ग झाला आणि त्यांचा ग्रंथ छापला गेला. १९१२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले, आणि बाई जगाच्या झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आई रेनिल्दे वारल्या. त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ आईकडे राहायला आला. लोकांना त्याची ओळख पुतण्या अशी करून देत.

१९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला. आत सुमारे तीस मुले आपल्या कामात गढलेली, बाहेर पायऱ्यांच्या आसनांवर बसून पाहणारे प्रेक्षक. चार महिने हा वर्ग चालला आणि त्याला सुवर्णपदके मिळाली. मुले बाहेरच्या गर्दीकडे लक्ष देत नाहीत हे सिद्ध झाले खरे. तरीही ही काचेची खोली मला फारशी रुचत नाही. सान लोरेन्झोची खोली मुलांसाठी होती, ही पाहणाऱ्यांसाठी होती. अमेरिकेतील कौतुकही टिकले नाही. विल्यम किलपॅट्रिक या तत्त्वज्ञाने १९१४ सालीच त्यांच्या साधनांच्या ठरावीकपणावर टीका करणारे पुस्तक लिहिले होते, आणि त्या टीकेत तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. आपल्या पद्धतीत कोणी फेरफार केलेला बाईंना खपत नसे.

१९१६ च्या ग्रंथात त्यांनी वर्गाच्या क्षेत्रफळाचा विषय घेतला. त्या वेळचे आरोग्यशास्त्र एका मुलाला श्वासासाठी किती हवा लागते यावरून खोलीचे माप काढीत असे. माँटेसरींचे म्हणणे, की शरीराला पुरेल त्याच्या दुप्पट जागा मनाला लागते. जमिनीचा निम्मा भाग तरी सामानावाचून मोकळा राहिला पाहिजे. कारण मूल चालताना, वस्तू नेता-आणताना, जमिनीवर काम मांडताना शिकत असते. शाळांचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी हा एक मुद्दा जरी मानला असता तरी पुढच्या पुष्कळ इमारती निराळ्या झाल्या असत्या. व्हिएन्ना शहराने तो मानला. तेथे १९३० साली फ्रान्झ शूस्टर या वास्तुशिल्पज्ञाने माँटेसरी बालगृहासाठी खास इमारत आणि तिचे सामान घडविले. १९३८ साली नाझी आल्यावर ते बंद पडले.

इटलीत त्यांनी १९२४ पासून मुसोलिनीचा आश्रय घेतला होता. त्यांना शाळा हव्या होत्या, त्याला नावलौकिक हवा होता. हा त्यांच्या चरित्रातला डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. मुलाला स्वतः निवड करू देणारी शाळा आणि एकाच्या हुकमावर पाऊल टाकणारे राज्य यांचे जमणे शक्य नव्हते. १९३४ साली त्यांनी इटली सोडली, शाळा बंद झाल्या. १९३६ साली स्पेनच्या यादवीमुळे बार्सेलोनाचे घरही गेले, आणि त्या हॉलंडात आल्या.

१९३९ च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारिओसह मद्रासला आल्या. अड्यारला माडाच्या झावळ्यांच्या मांडवांत तीनशेवर शिक्षकांचा वर्ग भरला. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरले आणि दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत ठेवले, बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास मनाई झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयची तार आली की त्यांच्या मुलाला सोडण्यात येत आहे. सरकारी कागदावर मुलगा हा शब्द आला. बेचाळीस वर्षे ज्या नात्याला आडोसा शोधावा लागला ते ब्रिटिश सरकारच्या तारेने उघड केले.

युद्धाचा बराच काळ त्यांनी कोडाईकनालला काढला. तेथे निरनिराळ्या वयांच्या मुलांना एकत्र शिकवीत निसर्गाच्या अभ्यासाची नवी मांडणी केली. त्यांच्या पद्धतीत मूल एक लहान चटई पसरून जमिनीवर काम मांडते आणि ती चटई म्हणजे त्याची हद्द असते. दुसऱ्याने ती ओलांडायची नाही. आपल्याकडे पाट, चटई, सतरंजी घरोघर. हलक्या टेबलाचा प्रश्न आपल्या देशात आधीच सुटलेला होता, आणि आपण मात्र इंग्रजांचे जड बाक आणून तो पुन्हा निर्माण केला, हे मला मोठे गमतीचे वाटते.

बाई येण्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला, आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेथे एक गोष्ट अनुभवाला आली, की गरिबांची मुले चांगल्या बांधलेल्या बालवाडीपर्यंत येतच नाहीत. म्हणून शाळाच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. साधने इटलीहून न आणता शंखशिंपले, बिया, पाने, मातीची भांडी यांची केली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली. रोमला शाळा चाळीच्या आत गेली, येथे ती गुरांच्या मागोमाग कुरणात गेली. मूळ कल्पना एकच. मात्र ताराबाईंनी पद्धतीत जेवढे फेरफार केले तेवढे खुद्द माँटेसरींना कितपत रुचले असते याची मला शंका आहे. सान लोरेन्झोच्या पोरांसाठी निघालेले नाव पुढे भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या पाटीवर गेले, त्या मानाने बोर्डी-कोसबाडची वाट मुळाशी जास्त प्रामाणिक होती असे माझे मत आहे.

१९४९ साली माँटेसरींनी भारत सोडला. ६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या किनाऱ्यावरील नूर्डविक गावी त्या वारल्या. तेथेच त्यांचे दफन झाले.

त्याच हॉलंडात हेर्मान हर्ट्झबर्गर नावाचा एक मुलगा माँटेसरी शाळेत शिकून मोठा झाला आणि वास्तुशिल्पज्ञ बनला. डेल्फ्ट शहराच्या माँटेसरी शाळेचे काम त्याच्याकडे आले आणि १९६६ साली तिचा पहिला भाग पुरा झाला. तिचे वर्ग काटकोनी आकाराचे आहेत. एका बाजूस शांतपणे वाचण्या-लिहिण्याची जागा, दुसऱ्या बाजूस पायऱ्या उतरून मातीकाम आणि रंगकाम, म्हणजे एकाचा पसारा दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. मधल्या दालनात विटांचा एक भक्कम चौथरा आहे. तो वाटेत येतो म्हणून अनेकांना खटकला, पण मुले त्यावर बसतात, काम मांडतात, नाटक करतात. बालवर्गाच्या दालनात चौथऱ्याच्या उलट, जमिनीत एक चौकोनी खळगा आहे. त्यात लाकडी ठोकळे बसविलेले असतात. मुले ते स्वतः उचलून बाहेर काढतात, त्यांच्या बैठका किंवा आगगाडी करतात, मग रिकाम्या खळग्यात दाटीवाटीने जाऊन बसतात, आणि वेळ संपली की ठोकळे पुन्हा जागच्या जागी लावून जमीन सारखी करतात.